पुकाऱ्याचा परवाना

अमेरिकेच्या आयोवा राज्यात मेसन सिटी नावाचे गाव आहे. तिथे 1933 सालापासून लिलाव पुकारायला शिकवणारी एक शाळा चालते. विद्यार्थी आकड्यांची उजळणी करतात, चढती आणि उतरती; जीभ अडखळवणारी वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणतात; श्वास कुठे घ्यायचा आणि आकडा कुठे टाकायचा हे घोटून घेतात. शिकून बाहेर पडल्यावर मात्र त्यांच्यापुढे मोठा विचित्र नकाशा असतो. खुद्द आयोवात लिलाव पुकारायला राज्याचा परवाना लागत नाही. तोच विद्यार्थी केंटकीत आपल्या घरी गेला, तर मंडळ, परीक्षा, शुल्क, परवाना हे सगळे आले. पेन्सिल्व्हेनियात गेला तरी तेच. एकाच देशात, एकाच कामासाठी, निम्म्याच्या आसपास राज्ये परवाना मागतात आणि उरलेली मागत नाहीत. परवाना नसलेल्या राज्यांत लिलावाचा धंदा बुडालेला नाही, आणि परवाना असलेल्या राज्यांतली लबाडी संपलेली नाही. मग हा कागद राखतो तरी काय?

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. राज्याने पुकारणाऱ्याची जीभ तपासण्यात वेळ घालवू नये, त्याच्या हातातून जाणारा परक्याचा पैसा तपासावा. उमेदवारी ही उत्तम शाळा आहे, पण ती कायद्याने सक्तीची केली की जुन्या दुकानदाराच्या हातात नव्या दुकानदाराच्या दाराची किल्ली जाते. आणि हा विषय आपल्यालाही परका नाही. आपल्या बाजार समित्यांत आपण परवाना भलत्याच माणसाच्या गळ्यात बांधला आहे; त्याकडे पुढे येतोच.

आधी पुकाऱ्याविषयी. अमेरिकी लिलावकर्ता एका वेळी दोन आकडे खेळवत असतो: एक, हातात आलेली बोली, दुसरा, त्याला हवी असलेली पुढची. मधली जागा तो भरीच्या शब्दांनी भरतो, म्हणून नवख्याला ते सारे एकसलग गुणगुणणे वाटते. लेरॉय व्हॅन डाइक नावाच्या गायकाने 1956 साली याच पुकाऱ्यावर एक गाणे काढले आणि ते खूप गाजले. तो स्वतः लिलाव पुकारणारा होता. 1963 पासून तर जनावरांचे लिलाव पुकारणाऱ्यांची जागतिक म्हणवली जाणारी स्पर्धा भरते. कला म्हणून मला ती मनापासून आवडते. वेगालाही कारण आहे. दिवसाला शेकडो नग विकायचे असतात आणि घेणाऱ्याला फार विचार करायला सवड द्यायची नसते. पण ही कला वाईट असली तर नुकसान कुणाचे? ज्याचा पुकारा रटाळ, त्याच्याकडे लोक माल आणत नाहीत. पुढच्या वेळी शेजारच्या तालुक्यातला दुसरा बोलावतात. इथे राज्याने परीक्षक होऊन बसायचे कारणच नाही.

राज्याला काळजी वाटावी अशा गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे खोटी बोली. समोर कुणीच हात वर केलेला नसताना मागच्या भिंतीकडे बघून आकडा चढवायचा, हा जुना प्रकार. त्यावर परवान्याविना चालणारे कायदे आहेत. अमेरिकेच्या समान व्यापारी संहितेत लिलावाचे स्वतंत्र कलम आहे. विकणारा स्वतःच्या मालावर स्वतः किंवा दलालामार्फत बोली चढवणार असेल, तर तसे आधी जाहीर करावे लागते, नाहीतर घेणाऱ्याला सौदा मोडता येतो. आपल्या 1930 च्या मालविक्री कायद्याचे कलम 64 जवळजवळ तेच सांगते. हातोडा पडला की सौदा पुरा, आणि किंमत फुगवण्यासाठी खोटी बोली लावली असेल तर सौदा रद्द करण्याचा हक्क घेणाऱ्याचा. पुकारणारा परवानाधारक आहे की नाही, याच्याशी या कलमाचा काही संबंध नाही. दुसरी गोष्ट मालाचे खोटे वर्णन. तीही फसवणुकीच्या साध्या कायद्यात बसते.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि खरी मेख तिथे आहे. केंटकीतल्या एखाद्या गावी म्हातारा शेतकरी वारला, मुले शहरात गेलेली, घर आवरायचे आहे. शनिवारी सकाळी अंगणात ट्रॅक्टर, कुऱ्हाडी, दुधाची भांडी, आजीने शिवलेल्या गोधड्या मांडल्या जातात. प्रत्येक नगाला चिठ्ठी डकवलेली. लिलावकर्ता ट्रॉलीवर उभा, खाली गर्दीत त्याची माणसे बोली टिपून आरोळी देणारी. बाजूला टेबल, तिथे घेणाऱ्यांनी ओळखपत्र दाखवून क्रमांकाचा पुठ्ठा घेतलेला असतो आणि संध्याकाळी तिथेच पैसे भरायचे असतात. दिवस संपतो तेव्हा त्या टेबलावर कुटुंबाच्या आयुष्यभराच्या वस्तूंचा पैसा गोळा झालेला असतो, आणि तो कुटुंबाच्या हातात नसतो. लिलावकर्ता आपले कमिशन कापून काही दिवसांनी हिशेब देणार. मधल्या दिवसांत तो पैसा कुठल्या खात्यात आहे? त्याच्या दुकानाच्या खात्यात, जिथून तो माणसांचे पगार आणि गाडीचे हप्ते भरतो? की वेगळ्या खात्यात, जिथल्या पैशाला तो हात लावू शकत नाही? मेलेल्या माणसाच्या मुलांना लिलावकर्त्याच्या गळ्याची परीक्षा झाली होती की नाही याच्याशी काडीचे देणेघेणे नाही. त्यांना ते वेगळे खाते हवे आहे.

अमेरिकेने हे एका धंद्यात फार पूर्वी ओळखले. 1921 च्या पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स कायद्यानुसार जनावरांच्या बाजारात कमिशनवर विक्री करणाऱ्याला माल आणणाऱ्यांच्या पैशासाठी वेगळे खाते ठेवावे लागते आणि हमीपत्र द्यावे लागते. घेणाऱ्याने साधारणपणे पुढचा कामकाजाचा दिवस संपण्याच्या आत पैसे चुकते करायचे असतात. हा कायदा देशभर लागू आहे, पुकारण्याचा परवाना मागणाऱ्या राज्यांतही आणि न मागणाऱ्या आयोवातही. तो पुकारणाऱ्याच्या शिक्षणाविषयी चकार शब्द काढत नाही. परवाना देणाऱ्या काही राज्यांनीही वेगळ्या खात्याची अट घातली आहे, हे मान्य. पण ती अट परीक्षा, शाळेचे तास आणि उमेदवारी यांच्या ढिगाखाली कुठेतरी असते. नव्या माणसाला आधी ढीग दिसतो.

कायद्यातल्या सवलती वाचल्या की त्याचा खरा हेतू अनेकदा बाहेर पडतो. परवाना मागणाऱ्या राज्यांत सर्वसाधारणपणे स्वतःचा माल स्वतः लिलावाने विकणाऱ्याला सूट असते. न्यायालयाच्या हुकुमाने होणाऱ्या विक्रीला सूट असते. धर्मादाय लिलावांनाही बऱ्याच ठिकाणी सूट किंवा ढील मिळते. पुकारणे ही घातक विद्या असती, तर स्वतःचा माल विकणाऱ्यालाही ती शिकावी लागली असती. स्वतःची गाडी आहे म्हणून लायसनशिवाय चालवायला कुणी देत नाही. सूट मिळते ती परक्याचा माल आणि परक्याचा पैसा मध्ये नाही म्हणून. कायदा लिहिणाऱ्यांना दुखणे कुठे आहे ते ठाऊक होते. औषध मात्र त्यांनी दुसरीकडे लावले.

पेन्सिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परगण्यात वसंताच्या तोंडावर गावोगावच्या अग्निशमन पथकांसाठी मोठे लिलाव भरतात. बर्फ वितळून मैदानात चिखल झालेला असतो म्हणून लोक त्यांना चिखल-लिलाव म्हणतात. गॉर्डनव्हिलसारख्या ठिकाणी एकाच मैदानात एकाच वेळी अनेक पुकारणारे उभे असतात: इकडे गोधड्या, तिकडे घोडागाड्या, पलीकडे घोडे. जुन्या पद्धतीने राहणारे आमिश पंथाचे लोक आणि बाहेरचे हौशी खरेदीदार एका चिखलात उभे. या सगळ्या गोंगाटात फसवणूक कमी होते ती कशामुळे? घेणारे एकमेकांना ओळखतात, पथकाचा खजिनदार गावातलाच असतो, आणि पुढच्या वर्षी सगळ्यांना पुन्हा इथेच यायचे असते. आपल्याकडे गोव्यात देवळात जत्रेनंतर देवाला आलेल्या फळांची, नारळांची पावणी, म्हणजे लिलाव, होते, तिथेही हेच. तिथे पुकारणाऱ्याकडे परवाना मागणाऱ्याला गावकरी वेड्यात काढतील.

अर्थात ओळखीच्या गावाबाहेर लोक एकमेकांना ओळखत नाहीत, आणि म्हणूनच उमेदवारीचा मुद्दा उभा राहतो. नवा माणूस जुन्याच्या हाताखाली राहिला, तर जुन्याची नजर त्याच्यावर राहील आणि त्याला काम येईल, असा तिचा आधार. पेन्सिल्व्हेनियात मंडळाचा परवाना मिळवायचे दोन रस्ते आहेत. एक, परवानाधारकाच्या हाताखाली दोन वर्षे उमेदवारी, तीही उमेदवाराचा वेगळा परवाना काढून. दुसरा, हॅरिसबर्ग किंवा रेडिंग इथल्या कम्युनिटी कॉलेजातला मान्य अभ्यासक्रम. नॉर्थ कॅरोलायनातही शाळा किंवा उमेदवारी असा पर्याय आहे. टेक्ससमध्ये सहायक पुकारणाऱ्याला परवानाधारकाच्या प्रत्यक्ष हजेरीतच काम करता येते.

उमेदवारीत माणूस शिकतो, यात शंका नाही. चिठ्ठ्या डकवताना त्याला कळते की गंजलेल्या हत्यारांची पेटी आधी विकायची नसते, कारण गर्दी तोवर जमलेली नसते. टेबलावर बसून नोंदी करताना कळते की दिवसाअखेर दोन नगांचे भांडण कुठल्या घाईतून उगवते. गर्दीत उभा राहून बोली टिपताना कळते की कोण भुवई हलवून बोली लावतो, कोण आपल्या भावाच्या नावाने घेतो, आणि कुठले तीन व्यापारी आपसांत ठरवून एकमेकांविरुद्ध बोली लावत नाहीत. हे शेवटचे ज्ञान मला सगळ्यांत मोलाचे वाटते. व्यापाऱ्यांची अशी गुपचूप साखळी फोडणारा पुकारणारा विकणाऱ्याला जे मिळवून देतो, ते कुठल्याही वर्गात शिकवता येत नाही.

मग सक्तीला हरकत काय? हरकत अशी, की उमेदवाराला हाताखाली घेणारा परवानाधारक हा त्याचा उद्याचा प्रतिस्पर्धी असतो. तालुक्यात दोनच लिलावकर्ते असतील आणि दोघांनीही ‘सध्या माणूस नको’ म्हटले, तर कायदा त्या मुलाला हात जोडून दारातच उभा ठेवतो. त्यातून ज्याला घेतले जाते तो पुष्कळदा मुलगा, पुतण्या किंवा जावई असतो. ओहायोचे उदाहरण इथे बोलके आहे. तिथे लिलावकर्त्यांचा कारभार शेतीखात्याकडे आहे, आणि पूर्वी तिथे उमेदवाराचा स्वतंत्र परवाना होता. 2022 मध्ये ओहायोने तो काढून टाकला, परवाना मात्र ठेवला. म्हणजे राज्याने मान्य केले की उमेदवारीच्या सक्तीशिवायही लिलाव चालवता येतात.

हा अमेरिकेतल्या एका मोठ्या वादाचा छोटा तुकडा आहे. 1889 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेस्ट व्हर्जिनियाचा डॉक्टरांच्या परवान्याचा कायदा उचलून धरला, आणि धंद्यांच्या परवान्यांना भक्कम पाया मिळाला. 1950 च्या दशकात साधारण वीसातल्या एका कामगाराला परवाना लागत असे. 2015 च्या व्हाइट हाउसच्या अहवालापर्यंत हे प्रमाण चारातल्या एकाहून जास्त झाले होते. त्याच 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलायनाच्या दंतवैद्य मंडळाविरुद्ध निकाल दिला. त्या मंडळात दंतवैद्यांचेच बहुमत होते आणि त्यांनी दात पांढरे करून देणाऱ्या इतर दुकानांना हुसकले होते. धंद्यातल्याच माणसांच्या हातातले मंडळ सरकारचे म्हणून स्पर्धा कायद्यातून आपोआप सुटत नाही, असे न्यायालयाने सांगितले. लिलावकर्त्यांची मंडळेही बहुतेक लिलावकर्त्यांचीच असतात. त्यांना वाईट माणसे म्हणण्याचे मला कारण नाही. पण दाराशी कोणाला थांबवायचे हे ज्याच्या हातात, त्याला आत गर्दी नको असते.

इंटरनेट आले आणि जिभेवरचा कायदा अगदीच उघडा पडला. लोकांच्या माळ्यावरच्या वस्तू घेऊन त्या ईबेवर विकून देणारी छोटी दुकाने निघाली. पुकारा नाही, हातोडा नाही. ठरलेल्या मिनिटाला बोली आपोआप बंद. पेन्सिल्व्हेनियाच्या अधिकाऱ्यांनी यांनाही लिलावकर्त्याचा परवाना मागितला. पुढे कायद्यात बदल करून अशा मध्यस्थांसाठी वेगळी, हलकी नोंदणी आणावी लागली. टेनेसीने 2019 मध्ये वेळ ठरवून चालणारे ऑनलाइन लिलावही परवान्याच्या कक्षेत आणायचे ठरवले आणि प्रकरण थेट फेडरल न्यायालयात गेले. ज्याला पुकारता येत नाही आणि पुकारायचेही नाही, त्याला पुकाऱ्याची शाळा दाखवणे हास्यास्पद होते. तरीही त्याच्याकडे परक्याचा पैसा होता, हेही खरे. म्हणून काहीच नको असे म्हणणेही बरोबर नव्हते. जिभेकडे बघणाऱ्या कायद्याला पुकारणे आणि परक्याचा पैसा सांभाळणे यांतला फरक दिसेना.

न्यूयॉर्क शहरात लिलावकर्त्यांना शहराचा परवाना लागायचा. तरीही कलाबाजारातली अलीकडच्या काळातली सर्वांत गाजलेली लबाडी तिथेच उघड झाली. सदबीज आणि क्रिस्टीज या दोन बलाढ्य लिलावघरांनी आपसांत कमिशनचे दर ठरवून घेतले होते. सदबीजचे माजी अध्यक्ष आल्फ्रेड टॉबमन 2001 मध्ये दोषी ठरले, तुरुंगात गेले, आणि दोन्ही घरांना मिळून 51 कोटी 20 लाख डॉलरची भरपाई द्यावी लागली. मंचावर उभे राहून बोली घेणाऱ्यांकडे परवाने होते. लबाडी मंचावर झालीच नव्हती. ती वरच्या मजल्यावर झाली होती, आणि तिला पकडले स्पर्धा कायद्याने. 2022 मध्ये न्यूयॉर्क शहराने लिलावकर्त्याचा परवाना रद्द केला. त्याच्याबरोबर भिंतीवरच्या बोलींविषयीचे काही नियमही गेले, आणि ते जाणे मला चुकीचे वाटते. परवाना काढताना वागणुकीचे नियमही काढायचे, ही सुधारणेच्या नावाखाली केलेली आळशी साफसफाई.

फ्रान्सची तऱ्हा आणखी जुनी. तिथे 1556 च्या राजाज्ञेपासून लिलाव ही मोजक्या अधिकृत मंडळींची मक्तेदारी होती. ती 2000 च्या कायद्याने मोडली आणि 2001 च्या अखेरीस सदबीजला पॅरिसमध्ये पहिला लिलाव घेता आला. साडेचार शतके टिकलेल्या या व्यवस्थेत पॅरिसचा कलाबाजार लंडन-न्यूयॉर्कच्या मागे पडला, आणि त्याची कारणे सांगताना फ्रेंच मंडळी स्वतःच या मक्तेदारीकडे बोट दाखवत.

आता दुसरी बाजू, आणि ती दुबळी नाही. कॅलिफोर्नियाने आपले लिलावकर्ता मंडळ गुंडाळले आणि त्याऐवजी एकच अट ठेवली: 20,000 डॉलरचे हमीपत्र राज्याकडे जमा करा. माझ्या म्हणण्याच्या सर्वांत जवळ जाणारे हे उदाहरण. पण एका चांगल्या शेतघराच्या लिलावात 20,000 डॉलर सकाळच्या चहापर्यंत गोळा होतात. लिलावकर्ता दोन लाख घेऊन पळाला तर हमीपत्र दहावा हिस्सा भरेल. नॉर्थ कॅरोलायना, केंटकी, टेक्सस यांनी याला वेगळे उत्तर शोधले आहे. सगळ्या परवानाधारकांनी मिळून एक भरपाई निधी उभा करायचा आणि बुडालेल्याला त्यातून द्यायचे. परवानाच नसेल तर हा निधी कोणाकडून गोळा करणार? हा प्रश्न योग्य आहे, आणि परवान्याच्या बाजूने मी ऐकलेल्या युक्तिवादांपैकी हा एकच मला गप्प बसवतो. निधीसाठी यादी हवी आणि यादीतून नाव काढण्याचा अधिकार हवा. पण त्यासाठी नोंदणी पुरते. वर्गणी भरा, वेगळे खाते दाखवा, हिशेब तपासू द्या, आणि उद्यापासून पुकारा. त्यात कुठेही जुन्या लिलावकर्त्याची सही लागत नाही.

आता आपल्याकडे. महाराष्ट्रात शेतमालाच्या नियंत्रित बाजाराचा इतिहास कापसापासून सुरू होतो. वऱ्हाडात कारंज्याला 1886 मध्ये पहिला नियंत्रित बाजार उभा राहिला आणि 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. तेव्हाचे मोठे दुखणे म्हणजे हत्ता पद्धत. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायचे, आणि ज्याचा माल, त्या शेतकऱ्याला तो नंतर कळायचा. 1963 च्या महाराष्ट्राच्या बाजार समिती कायद्याखाली उघड लिलाव आला, ही त्या रुमालावरची मात होती. हे श्रेय देऊनच पुढे बोलले पाहिजे. आज बाजार समित्यांना शिव्या घालणाऱ्या पुष्कळांना रुमाल ठाऊक नाही.

पण परवाना कोणाला, ते बघा. समितीच्या आवारात अडत्याला परवाना, खरेदीदार व्यापाऱ्याला परवाना, मापाड्याला परवाना, हमालाला परवाना. लिलाव पुकारतो तो कुठे समितीचा कर्मचारी, कुठे अडत्याचा माणूस. पुकारणारा म्हणून त्याच्यासाठी शाळा नाही, परीक्षा नाही, आणि त्यावाचून कुणाचे काही अडलेले नाही. अमेरिकेतले राज्य बोली घेणाऱ्याला अडवते. आपण बोली लावणाऱ्याला अडवतो. लिलावाचा सारा जीव बोली लावणाऱ्यांच्या संख्येत असतो. पुकारणारे दहाचे पाच झाले, तर विकणाऱ्याला थोडे जास्त कमिशन पडेल. घेणारे दहाचे पाच झाले, तर त्याचा भावच पडतो. या हिशेबाने आपली चूक त्यांच्याहून महागडी आहे.

लासलगावला कांद्याचा लिलाव पाहिला की हे डोळ्यांसमोर येते. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेत उभ्या. समितीचा कर्मचारी आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका गाडीवरून दुसऱ्या गाडीकडे सरकतो. कोणी वरचे चार कांदे उचलतो, दाबतो, वास घेतो, आकडा टाकतो. दुसरा पाच-दहा रुपये चढवतो. सौदा झाला की चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात आणि घोळका पुढे. एका गाडीला मिनिटसुद्धा लागत नाही. घोळक्यात माणसे पुष्कळ दिसतात, पण खरोखर बोली लावणारी मोजकी, आणि तीच ती, रोज. मग गाडी व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाते. तिथे ट्रॉली रिकामी होताना खालचा माल वरच्यासारखा नाही असे म्हणत भाव कमी करण्याची मागणी सुरू होते. याला तिकडे वांधा म्हणतात. लिलाव उघड झाला आणि भाव पुन्हा बंद खळ्यात ठरला. शेतकऱ्याने माल भरून परत न्यायचा तर भाडे त्याच्या अंगावर. तो मान हलवतो. व्यापाऱ्याचीही बाजू आहे: वर निवडक कांदा आणि खाली गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, घालून आणणारे शेतकरी नाहीत असे नाही. पण तंटा सोडवायची जागा सर्वांसमोर हवी, आणि तिथे व्यापाऱ्याचा परवाना काहीच मदत करत नाही. परवाना तर त्याच्याकडे आहेच.

व्यापाऱ्याला परवाना का, असे विचारले की उत्तर येते: तो पैसे बुडवून पळू नये म्हणून. म्हणजे पुन्हा पैसाच. केंटकीतल्या त्या टेबलावर घेणारा ओळखपत्र दाखवून पुठ्ठा घेतो आणि माल हलवण्याआधी पैसे भरतो. त्याला कोण, कुठला, किती वर्षांचा व्यापारी, असे कोणी विचारत नाही. आपल्याकडे पैसे चोवीस तासांत मिळाले पाहिजेत असे सांगितले जाते, आणि व्यवहारात चेक मिळतो, चेकवर पुढची तारीख असते, आणि कधी तो वटत नाही. तेव्हा मोर्चा निघतो, समिती परवाना निलंबित करते, आणि शेतकरी वर्षभर हेलपाटे घालतो. परवान्याने कोण व्यापारी होऊ शकतो हे ठरवले; पैसे बुडाल्यावर तो भरून देईल अशी रक्कम मात्र त्यात ठेवलीच नाही, किंवा ठेवली ती उलाढालीच्या मानाने किरकोळ.

2016 च्या जुलैत सरकारने फळे आणि भाजीपाला आवाराबाहेर विकायला मोकळा केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ई-नाम हा शेतमालाचा देशव्यापी ऑनलाइन बाजार सुरू झाला. दोन्ही पावले योग्य दिशेची. पण आवारातल्या लिलावात नवा खरेदीदार उभा राहणे सोपे झाले का? त्याला परवाना हवा, आवारात गाळा किंवा जवळ खळे हवे, आणि घोळक्यातल्या जुन्यांनी त्याला बोली लावू द्यायला हवी. यातली शेवटची अट कुठल्याच कागदावर नाही, आणि तीच सर्वांत कडक.

इथे उमेदवारीचा प्रश्न वेगळ्या वाटेने परत येतो, आणि माझ्याच युक्तिवादाला टोचतो. आपल्याकडे अडत्या होण्यासाठी उमेदवारीची कायदेशीर सक्ती नाही. तरी अडत्या होतो कोण? ज्याच्या वडिलांचा गाळा आहे तो. शाळा सुटल्यावर पेढीवर बसून तो पट्टी लिहायला शिकतो, कुठला माल कुठल्या व्यापाऱ्याला दाखवायचा ते शिकतो, हुंडेकऱ्याशी बोलायला शिकतो. मुनीम वीस वर्षे हेच काम करतो आणि मुनीमच राहतो. म्हणजे उमेदवारी आहे, दोन वर्षांची नाही तर जन्माची, आणि बाहेरच्याला ती खुली नाही. पेन्सिल्व्हेनियाचा कायदा निदान लिहून ठेवतो की कॉलेजचा अभ्यासक्रम केलास तर कुणाच्याही हाताखाली न राहता तुला परवाना मिळेल. आपल्या मुनीमाला असा लिखित रस्ता कुणीच दिलेला नाही. सक्ती काढून टाकल्याने दार आपोआप उघडत नाही, हे मला कबूल करावे लागते. दार गाळ्याच्या मालकीत असेल तर गाळ्याचे वाटप बदलावे लागेल.

तरीही सुरुवात करायला एक जागा आहे. खरेदीदाराला परवाना देताना समितीने त्याची पत, ओळख आणि ‘व्यापाराचा अनुभव’ पाहण्याऐवजी त्याची अनामत पाहावी, आणि रोजची खरेदी त्या अनामतीला बांधून टाकावी. ज्याने पाच लाख बँकेत अडकवले, त्याने पैसे चुकते होईपर्यंत पाच लाखांपर्यंतचाच माल घ्यावा. ज्याने पन्नास लाख, त्याने पन्नास. शेतकऱ्याचे पैसे चुकते झाले की तेवढी जागा पुन्हा मोकळी. अशाने शेजारच्या तालुक्यातला तरुण, शेतकरी कंपनी, नाशिकच्या हॉटेलवाल्यांचा गट, सगळे छोट्या रकमेने घोळक्यात उभे राहू शकतात, आणि कोणी पळालाच तर नुकसान अनामतीपलीकडे जात नाही. मोठे व्यापारी म्हणतील की एवढी रक्कम अडकवून धंदा परवडत नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही. हंगामात दिवसाला कोट्यवधींची उलाढाल असते आणि पुढून पैसे दिल्ली-कोलकात्याहून उशिरा येतात. पण आज त्या उशिराचे व्याज कोण भरतो? पुढची तारीख घातलेला चेक खिशात घेऊन घरी जाणारा शेतकरी. बँकेची हमी घेतली तर तेच व्याज व्यापाऱ्याच्या खात्यावर स्पष्ट दिसेल, आणि त्याने ते भावात धरले तरी निदान लिलावाच्या वेळी, सर्वांसमोर, बोलीच्या आकड्यात धरलेले असेल.